दादाचा बेस विकताना काय सांगायचं आणि काय नाही

इथं बहुतेक जण वाडे, शाळा, नाटकं आणि आजीच्या हातचं यावर लिहितात. मी आज एका बेस गिटारवर आणि एका अँप्लिफायरवर लिहिणार आहे. कारण गेले दोन महिने आमच्या घरात त्यावरनं भांडण चाललंय आणि माझं म्हणणं बरोबर आहे असं मला अजून वाटतं.

माझा थोरला भाऊ, आम्ही दादा म्हणतो, बेळगावात ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. गणपतीचे दहा दिवस, मग लग्नं, मग शिवजयंती. ज्यांना आठवतंय त्यांना आठवेल, त्या काळी ऑर्केस्ट्रात गायकाला हार, निवेदकाला टाळ्या, ड्रमवाल्याला शिट्ट्या आणि बेसवाल्याला मागच्या पडद्याजवळची खुर्ची. लोक विचारायचे, "तो चार तारांचा गिटार का? दोन तुटल्या काय?" पण दादा एखाद्या कार्यक्रमाला आजारी पडला की पंचमची गाणी एकदम पोकळ वाजायची. काय कमी आहे ते कुणाला सांगता यायचं नाही, एवढंच. रेकॉर्डवर टोनी व्हाझनी जो बेस वाजवलाय तो दादा टेपरेकॉर्डरला कान लावून, कॅसेट पुढंमागं करून उतरवायचा. अख्खी गल्ली वैतागलेली असायची.

बेस घेतला १९८२ साली मुंबईत, चौदाशे रुपयांना. कलकत्त्याला बनलेला. तेव्हा अमेरिकेचा किंवा जपानचा माल म्हणजे आयातकर भरून आणायचा, नाहीतर कुणी बोटीवरचा माणूस गाठायचा. दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचं. वडिलांनी चौदाशेचा आकडा ऐकून दोन दिवस दादाशी बोलणं टाकलं होतं.

आता सांगण्याचा मुद्दा. दादाची बोटं आता वळत नाहीत, वाद्य माळ्यावर पडून होतं. पुतण्या बेंगळुरूला असतो, त्यानं फोटो काढून फोनवर विकायची जाहिरात टाकली. लिहिलं काय? "व्हिंटेज, चाळीस वर्षं जुना, पूर्ण ओरिजिनल." किंमत पंचेचाळीस हजार. मी म्हटलं, बाळा, यातलं 'जुना' एवढंच खरं आहे.

कारण त्या बेसमध्ये ओरिजिनल म्हणण्यासारखं लाकूड आणि खुंट्या, एवढंच उरलंय.

पहिला बदलला तो ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो पत्रा. मूळचा ब्रिज नुसता दाबून वाकवलेला. तारेची लांबी पुढंमागं करायची सोय होती, पण स्क्रू धरायचेच नाहीत. त्यामुळं मोकळी तार सुरात, आणि बाराव्या फ्रेटवर तोच सूर वरच्या सप्तकात वाजवला की बेसूर. उद्यमबागेत एका फाउंड्रीजवळ लेथ चालवणारा दादाचा मित्र होता. त्यानं पितळेचा ठोकळा घेऊन चार स्वतंत्र टेके करून दिले, प्रत्येकाला मागून स्क्रू. बेळगावात पंपाचे आणि गाड्यांचे भाग करणारे हात, त्यांना हे काय अवघड? पैसे घेतले नाहीत, फक्त त्याच्या मुलीच्या बारशाला ऑर्केस्ट्रा फुकट वाजवला. तो ब्रिज आजही हलत नाही. आणि पितळेच्या वजनानं तारेचा नाद जास्त वेळ टिकतो असं दादा म्हणतो. मला त्यातलं कळत नाही, पण टिकतो खरा.

दुसरा बदल पिकपचा. पिकप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. वरची लोखंडी तार हलली की त्यात वीज निर्माण होते आणि तीच पुढं अँप्लिफायरला जाते. दादाच्या बेसमधल्या दोनांतला एक पिकप पावसाळ्यात मेला. नवीन कुठला मिळणार? लॅमिंग्टन रोडवरनं बारीक तारेचं रीळ आणलं आणि वहिनीच्या शिवणाच्या मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकाला जोडून, तो गुंडाळला. वहिनी पायडल मारायची आणि मोजायची. एका पायडलला चाक किती वेळा फिरतं ते दादानं आधी बघून कागदावर गुणाकार मांडलेला. आठ हजार वेढे. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासनं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांच्या. वहिनी अजून म्हणते, "माझ्या हौसेच्या ब्लाउजच्या कापडावर यांचा चुंबक पडून भोक पडलं."

मग आतल्या खोबणीला चहाच्या पेटीतला चंदेरी कागद चिकटवला, बाहेरची गुणगुण आत येऊ नये म्हणून. तारा मेल्या की पातेल्यात उकळायच्या, मळ निघतो, चार दिवस पुन्हा खणखणीत वाजतात. ते पातेलं आमटीचं असायचं, ही वेगळी भांडणं.

सगळंच चांगलं केलं असं मी म्हणणार नाही. मान जाड वाटते म्हणून त्यानं काचेच्या तुकड्यानं मागून खरवडली, आणि ती चूक होती. पुढच्याच पावसात मान धनुष्यासारखी वाकली. आतली सळई आवळायचा नट होता, पण तो फिरवला तरी काही फरक पडायचा नाही. शेवटी दोन रात्री पाटा आणि वरवंटा ठेवून सरळ केली ती कशीबशी. अजूनही वरच्या चार फ्रेटवर तार खरखरते.

पुतण्याचं म्हणणं, "काका, हे सगळं लिहिलं तर कोण घेईल? लोक मॉडिफाय केलेलं घेत नाहीत, ओरिजिनल मागतात."

हे ओरिजिनलचं वेड कुठनं आलं ते मला ठाऊक आहे. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला विकली. त्या आधीच्या वाद्यांना तिकडचे लोक सोन्याचा भाव देतात. स्क्रू बदलला, डाग पुन्हा दिला, तरी किंमत उतरते. ठीक आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. तिथं कारखान्यातनंच चांगलं वाद्य बाहेर पडत होतं, तेव्हा न हात लावलेलं ते महाग, हे समजू शकतं. आमच्याकडं कारखान्यातनं बाहेर पडायचं ते अर्धं वाद्य. उरलेलं अर्धं उद्यमबागेच्या लेथवर आणि वहिनीच्या मशीनवर पुरं झालं. ते लपवून आपण नेमकी चांगली गोष्टच लपवतो, आणि वर खोटं बोलतो ते वेगळंच. इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या मंडळींच्या माळ्यावरही अशी वाद्यं असतील, पेट्या असतील, पट्टी बदललेल्या, भाता नवा घातलेल्या. काढून बघा.

म्हणून मी जाहिरात पुन्हा लिहायला लावली. ब्रिज बेळगावी पितळेचा, एक पिकप घरी गुंडाळलेला, मान खरवडलेली, वरचे चार फ्रेट खरखरतात. किंमत बारा हजार. आज पंधरा हजारांत नवा कोरा बरा बेस दुकानात मिळतो, त्याच्यापुढं चाळीस वर्षांच्या लाकडाला पंचेचाळीस हजार मागणं म्हणजे खुळेपणा होता. पुतण्या चार दिवस रुसला.

इथवर घरात फार वाद नव्हता. खरा वाद अँप्लिफायरचा.

तो अँप्लिफायर शहापुरातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवलेला, तो आता हयात नाही. आत २एन३०५५ ट्रान्झिस्टर, जुन्या मेकॅनिक मंडळींना नाव ऐकून बरं वाटेल. बाहेर मोठी प्लायवुडची पेटी, पंधरा इंची स्पीकर. त्याआधी दादा मंडपाच्या साउंडवाल्याच्या भोंग्यात बेस जोडायचा. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा कंप पावते, भोंग्याला ते झेपत नाही. नुसतं कट्‌कट्‌ ऐकू यायचं. ही पेटी आल्यावर पहिल्यांदा पुढच्या रांगेतल्यांच्या खुर्च्या थरथरल्या.

पण मंडपात गुणगुण यायला लागली. बेसचा अँप्लिफायर एका ठिकाणी अर्थ झालेला, मिक्सर दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघं एकमेकांना केबलनं जोडलेले. असं झालं की अर्थच्या वाटेनंच गोल करंट फिरतो आणि स्पीकरमधनं 'हूं' ऐकू येत राहतं. दादानं सोपा उपाय केला. प्लगमधली जाड पिन, अर्थची, कापून टाकली. गुणगुण गायब. सगळे खूष. त्या काळी निम्मे ऑर्केस्ट्रे हेच करत होते.

१९८७ च्या गणपतीत, एका मंडळाच्या स्टेजवर, भुरभुर पाऊस, ताडपत्रीतनं थेंब. दादा बेस वाजवता वाजवता कोरस म्हणायला माइकजवळ गेला. ओठ माइकला लागले आणि माणूस मागं ड्रमवर जाऊन पडला. ओठ भाजले, दोन बोटं आठवडाभर बधिर. लोकांना वाटलं, चक्कर आली. गाणं तेवढ्यात दुसऱ्यानं उचललं.

झालं होतं ते असं. बेसच्या तारा ब्रिजमधनं, केबलच्या जाळीतनं थेट अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ते मुद्दाम असतं, त्यानं गुणगुण कमी होते. पण पत्र्याला अर्थ नाही आणि ओलीनं ट्रान्सफॉर्मरमधनं वीज पत्र्यावर उतरली, तर ती तारांवर येते, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात. माइक मात्र मिक्सरमधनं अर्थ झालेला. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला ओठ, मध्ये माणूस. १९७२ मध्ये इंग्लंडकडं, वेल्समधल्या स्वान्सीला, लेस हार्वे नावाचा गिटारवाला स्टेजवर असाच माइकला हात लागून जागेवर गेला. आमचा दादा वाचला एवढंच.

आणि वाचून त्यानं काय केलं? पिन तशीच ठेवली. पुढची अठरा वर्षं. फक्त माइकवर स्पंजाची टोपी घातली.

आता तो अँप्लिफायर बेसबरोबर जोडीनं द्यायचा असं दादाचं म्हणणं. मी म्हटलं, प्लग बदलल्याशिवाय आणि आत तपासल्याशिवाय हा घराबाहेर जाणार नाही. दादा भडकला. "अठरा वर्षं वाजवलो त्याच्यावर, मेलो काय? खुळा काय तू? पुन्हा हूं यायला लागलं तर घेणारा मला शिव्या घालील की."

मंडळी, मला हेच सांगायचं आहे. ब्रिज बदलला, पिकप गुंडाळला, मान खरवडली, हे त्याचं वाद्य, त्याचा हक्क. बिघडलं तर त्याचंच बिघडत होतं. पिन कापणं त्या जातीचं नाही. घेणाऱ्याला ते बाहेरनं दिसत नाही, आवाजात ऐकू येत नाही, उलट आवाज स्वच्छ येतो म्हणून तो खूष होतो. खरखरणारी मान दोन मिनिटांत कळते, कापलेली पिन कळायला पाऊस यावा लागतो. आपल्याकडं जुनं सामान विकताना "जसं आहे तसं" म्हणून हात झटकायची पद्धत आहे. खुर्ची विकताना चालेल ते. विजेवर चालणाऱ्या आणि माणसानं उघड्या बोटांनी धरायच्या वस्तूला ते चालणार नाही, मग विकणारा माझा सख्खा थोरला भाऊ असला तरी.

गुणगुणीचं म्हणाल तर उपाय आहेत. सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर घ्या, निम्मं काम तिथंच होतं. उरलेल्याला सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी मिळते. आणि मंडपाच्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. यंदा मंडळांच्या मीटिंगा सुरू झाल्यात, लाइटिंगच्या बजेटपुढं त्याची किंमत काहीच नाही. आमच्या मंडळात मी मुद्दा मांडला तर एक जण म्हणाला, "तो ट्रिप झाला आणि आरतीच्या वेळी लाइट गेली तर?" जाऊ दे की. आरती निरांजनाच्या उजेडात होते.

बेस गेला. मडगावचा एक पोरगा चोर्ल्याच्या घाटानं बाइकवर आला, चर्चच्या क्वायरमध्ये आणि लग्नात वाजवतो. कोकणीत बोलत होता, दादा मराठीत. त्यानं जाहिरात नीट वाचली होती. आल्या आल्या पहिला प्रश्न, "वहिनींनी गुंडाळलेला पिकप कुठला?" त्याच्यावरच बोट ठेवून वाजवत बसला तासभर. वहिनीनं त्याला जेवायला घातलं. अकरा हजारांत दिला.

अँप्लिफायर अजून जिन्याखाली आहे. गेल्या रविवारी दादा स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला दिसला. पाठ खोलली होती, चष्मा कपाळावर. मला बघून मान वर न करता म्हणाला, "हिरवी वायर आण की बाजारातनं. दोन मीटर. जाड बघून आण."