कृष्णविवराचा हिशेब

आमच्या हॉस्टेलात हरवलेल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता एकच – ब्लॅक होल! ड्राफ्टर गेला, ब्लॅक होल. सबमिशनची फाइल गेली, ब्लॅक होल. गंमत म्हणून ठीक आहे, पण परीक्षेत ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम घोकून लिहिणाऱ्या आपण पोरांनी 'तिथे सगळं नाहीसं होतं' असं खरंच मानावं, हे मला पटत नाही. कृष्णविवराचा जमाखर्च आपल्या मेसच्या वहीपेक्षा चोख आहे.

हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीसुद्धा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने! नावाच्या वजनाशिवाय तिला पहिलं बक्षीस मिळालं. शब्द रुळला, अर्थ मात्र अर्धवटच राहिला.

पहिला गैरसमज, कृष्णविवर सगळं ओढून घेतं. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर त्याची त्रिज्या भरेल जेमतेम ३ किलोमीटर आणि पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, गारठून जाऊ, पण आत पडणार नाही.

दुसरा गैरसमज, पडलेलं गायब होतं. पदार्थ आत गेला की विवराचं वस्तुमान वाढतं. बाहेरच्याला मोजता येतात फक्त तीन गोष्टी : वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकी. शिवाय पडण्याआधी पदार्थ भोवती चकतीसारखा फिरतो, घर्षणाने तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा मिळते. या चकतीत सुमारे ६ टक्के, आणि विवर अतिवेगाने फिरत असेल तर ४२ टक्क्यांपर्यंत. थर्मलवाल्यांनो, बघा बुवा!

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट. बेरीज ६५, उरलं ६२. मग ३ सूर्य कुठे गेले? गुरुत्वीय लहरींच्या रूपाने विश्वात पसरले. ही ऊर्जा विवराच्या आतून निसटली नाही. फिरणाऱ्या जोडीभोवतीच्या अवकाश-काळातून ती गेली. जानेवारी २०२५ मधल्या तशाच टकरीत दोन्ही विवरांचं मिळून पृष्ठफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, नंतरच्या एका विवराचं ४,००,०००. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर मोठं. पृष्ठफळ घटू शकत नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं.

आणि अगदी आत? सापेक्षतेची समीकरणं एका बिंदूपाशी अनंत उत्तर देतात, म्हणजे तिथे त्यांनी हात टेकले. पडलेल्या पदार्थाची 'माहिती' टिकते की पुसली जाते, हा वाद १९७० च्या दशकापासून चालू आहे. जगातले मोठे शास्त्रज्ञ इथे सरळ 'माहीत नाही' म्हणतात आणि तिथूनच कामाला लागतात. आपल्याकडे व्हायवात तेच दोन शब्द उच्चारायला जीभ रेटत नाही. भीती आपल्याला अज्ञानाची नाही, मार्कांची आहे.

'हे फिजिक्सवाल्यांचं काम' असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटींना मंजुरी दिली. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात अतिउच्च निर्वात, लेसर, कंपनं अडवणारे आरसे. मोजायचा बदल प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. यात सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, कोणाला काम नाही? गोंगाटातून असा सिग्नल शोधण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात डॉ. संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच काम केलं होतं.

आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ काढला. शिलालेख साक्षीला आहे. त्या खान्देशातली पोरं आकाशाकडे पाठ फिरवून फक्त प्लेसमेंटच्या यादीकडे बघणार का?

म्हणून सरांना आणि मित्रांना एकच विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाने गोव्याला जाणारी आपली बस एकदा आयुकाकडे वळवा. गोवा कुठे पळून जात नाही.