अंसशूल : आधी निदान, मग तैल

खांदा धरून आलेल्या प्रत्येक रुग्णास 'अवबाहुक' समजून तैल व गुग्गुळकल्प देण्याची सवय आपण वैद्यांनी तपासून पाहावयास हवी. निखळलेला अंससंधी काखेत मुसळ देऊन वर उचलावा व स्वस्तिकबंध बांधावा, असे सुश्रुताचार्य सांगतात. तेथे प्रश्न केवळ वेदनाशमनाचा नसून स्थानभ्रंशाचा आहे. म्हणून पडल्यानंतर हात उचलता येत नसल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी मर्दन नको. जुनाट आखडलेल्या खांद्यात मात्र स्नेहन, स्वेदन, नस्य व नियमित व्यायाम यांना निश्चित स्थान आहे. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आले; त्याची जागा स्टिरॉइडमिश्रित निनावी पुड्यांनी घेऊ नये. औषधविक्रेते बंधूंनी घटक न छापलेले वेदनाहर चूर्ण दुकानात ठेवूच नये. दोन दिवसांच्या आरामासाठी शास्त्राची पत गहाण टाकणे आपणांस परवडणारे नाही.