एआयच्या विजेसाठी जुन्या अणुभट्ट्या, पण त्यांचं पोलाद किती वर्षं टिकणार?

एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड वीज लागते. ती मिळवण्यासाठी अमेरिकेत सध्या जुन्या अणुभट्ट्यांना पुन्हा भाव आलाय. थ्री माइल आयलंडची २०१९ मध्ये बंद केलेली भट्टी (१९७९ च्या अपघातातली नव्हे, तिच्या शेजारची) परत सुरू करायची आणि तिची वीज २० वर्षं घ्यायची, असा करार मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. मिशिगनमधली पॅलिसेड्स २०२२ मध्ये बंद झाली होती. तिलाही पुन्हा कामाला लावायला नियामकांनी २०२५ मध्ये मंजुरी दिली. काही भट्ट्यांना तर ८० वर्षांपर्यंत चालायचं लायसन्स मिळालंय.

अशा भट्टीतले पंप, पाइप, वायरिंग बदलता येतं. पण प्रेशर व्हेसल, म्हणजे जाड पोलादाचं ते अवाढव्य भांडं बदलणं व्यवहारात जमत नाही. कुकरची रिंग आणि शिटी आपण बदलतो, पण भांडंच गेलं तर कुकर गेला. इथेही तसंच.

हे पोलाद झिजतं कसं? इंधनातून सुटणारे न्यूट्रॉन वर्षानुवर्षं त्याच्यावर आदळतात. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. वेल्डिंगमध्ये तांबं जास्त असेल, तर हे आणखी लवकर होतं. आधीच एखादी बारीक भेग असताना, ती पुढे न पळता पोलाद किती ताण झेलेल, या गुणाला फ्रॅक्चर टफनेस म्हणतात. पोलाद गरम असताना चिवट असतं आणि एका तापमानाखाली ठिसूळ. न्यूट्रॉनमुळे हे तापमान वर सरकत जातं. खरी भीती आणीबाणीची आहे: आत दाब आहे, भांडं तापलंय आणि त्यात अचानक थंड पाणी सोडावं लागलं. गरम काचेच्या ग्लासात थंड पाणी ओतल्यावर काय होतं, ते आठवा.

आता भांड्याचा तुकडा कापून तर तपासता येत नाही. म्हणून त्याच पोलादाचे छोटे नमुने कॅप्सूलमध्ये घालून भट्टीतच, इंधनाच्या थोडे जवळ ठेवतात. त्यांना भिंतीपेक्षा जास्त न्यूट्रॉन लागतात, म्हणजे ते भिंतीच्या आधी म्हातारे होतात. ठरावीक वर्षांनी ते काढून हातोड्याने तोडतात आणि त्या आकड्यांवरून भांड्याचं भविष्य काढतात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, आणि मला हे सरळसरळ मशीन लर्निंगचं दुखणं वाटतं. अमेरिकेतलं १९८८ चं अधिकृत सूत्र १७७ नोंदींवर बसवलेलं होतं. पण न्यूट्रॉनचा मारा खूप वाढला की हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा कमी नुकसान दाखवतं, असं नियामकांच्याच तज्ज्ञांनी २०२२ मध्ये मांडलं. नमुने तपासायचं काम पुढे ढकललं जातं, हेही त्यांनी सांगितलं. आणि ८० वर्षं चालणाऱ्या भट्ट्या नेमक्या याच भागात जाणार आहेत, जिथे डेटा सगळ्यात कमी आहे.

पॅलिसेड्सचं उदाहरण बघा. जुन्या नियमाने तिचं भांडं २०१७ मध्ये मर्यादा गाठणार होतं. मग २०१० मध्ये आलेला, जास्त बारकाईने हिशेब करणारा पर्यायी नियम तिला २०१५ मध्ये लागू झाला आणि मुदत वाढली. टीकाकार म्हणतात, पोलाद तेच, फक्त मोजपट्टी बदलली. मला हे अर्धंच पटतं. जास्त डेटा आल्यावर मॉडेल सुधारणं ही फसवणूक नाही, आणि जुन्या नियमात मुद्दाम भरपूर सुरक्षित अंतर ठेवलेलं होतं. पण ते अंतर कमी करायचं, तर तपासणी वाढायला हवी. इथे दोन्ही एकदम कमी होण्याचा धोका आहे.

आपल्याकडे तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्येही असं भांडं आहे. बाकी बहुतेक भारतीय भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांच्यात एका भांड्याऐवजी शेकडो नळ्या असतात आणि त्या बदलता येतात.

त्यामुळे "भट्टीचं आयुष्य वाढवलं" अशी बातमी फोनवर आली, तर दोन प्रश्न विचारा. शेवटचा नमुना कधी तोडून पाहिला? आणि पुढचा अंदाज त्या नमुन्याने पाहिलेल्या वयापर्यंतच आहे, की त्याच्या पलीकडचा?