परवान्यावरची शेवटची सही

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना खिडकीतून पाट्या वाचत जावे. देवळाच्या कमानी दिसतात, शाळा दिसतात, आणि त्यांच्याहून मोठ्या अक्षरांत 'परमिट रूम' दिसते. रोज वाचून वाचून या शब्दाचा अर्थ आपण विसरलो आहोत.

आपल्या राज्यातला १९४९ चा कायदा मुळात दारूबंदीचा आहे. पिणाऱ्यालासुद्धा पिण्याचा परवाना लागतो, म्हणून त्या खोलीचे नाव 'परमिट रूम'. दारूचा धंदा करणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात तर मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करावा, असे सरकारलाच सांगितले आहे. म्हणजे बंदी हा नियम आणि परवाना ही सूट. आज चित्र उलटे झाले आहे. सूट हाच नियम झाला आणि बंदी वर्षातून थोडे दिवस उरली. त्यांत आषाढी आणि कार्तिकी येतात. वारकरी वर्षाच्या चोवीस एकादशा धरतो, सरकार दोन धरते. उरलेल्या बावीस कोणाच्या?

ही सूट कशी मिळते, हे माळकऱ्याने समजून घेतले पाहिजे. बारचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत जागेचे कागद, नकाशा, खानावळीचा आणि अन्नाचा परवाना, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, ग्रामपंचायतीचे ना-हरकत अशी चळत लागते. शाळा आणि देवस्थान यांपासून ७५ मीटर अंतर लागते, आणि ते पायी जाण्याच्या जवळच्या वाटेने मोजतात. पण इथे मेख आहे. नियमातले देवस्थान म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेले देवस्थान. आपल्या गावचे विठ्ठल मंदिर आजोबांनी लोकवर्गणीतून बांधले, रोज काकडा होतो, हरिपाठ होतो. पण धर्मादाय कार्यालयात नोंद नसेल, तर मोजणाऱ्याच्या फितीला ते दिसत नाही. पांडुरंग विटेवर उभा असतो आणि कागदावर ती जागा मोकळी असते.

कोणी म्हणेल, सरकारला महसूल लागतो. लागतो, खरे आहे. पण हे आपल्या मराठवाड्यात तरी बोलू नये. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला, तेव्हा शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचाच एक कार्यक्रम होता. शिंदीचा पैसा निजामाच्या तिजोरीत जात होता, म्हणून आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीने कुऱ्हाड उचलली. तिजोरी परक्याची होती तेव्हा तो पैसा पाप होता. आपली झाली म्हणून तो पुण्य कसा झाला? घरात पोराचे पुस्तक अडले, लेकीचे दागिने गहाण पडले, त्यातून आलेला रुपया कोणत्याही तिजोरीत गेला तरी त्याचा रंग बदलत नाही.

दुसरा म्हणेल, बार बंद केला तर लोक हातभट्टीची पितील. हातभट्टी धरणे हे पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे कामच आहे. एक काम होत नाही म्हणून दुसऱ्या वाईटाला दार उघडायचे, हा कुठला न्याय?

पण माउली, सरकारला बोल लावून आपण सुटत नाही. माझाच दोष सांगतो. आमच्याकडच्या एका सप्त्यात काल्याच्या पंगतीचे अन्नदान एका परमिट रूमवाल्याने केले. शाल, श्रीफळ, टोपी देऊन त्याचा सत्कार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो आणि गळ्यात तुळशीची माळ होती. तो माणूस चोर नव्हता, त्याचे कागद पूर्ण होते. माझा कागद कोरा होता. पुढे त्याच्या दुसऱ्या दुकानाचा विषय गावात निघाला, तेव्हा मंडपातल्या एकालाही तोंड उघडता आले नाही. जेवलेल्या पंगतीने आमची जीभ बांधली होती. परवान्यावरची शेवटची सही कोणत्या साहेबाची नसते. ती गावाच्या गप्प बसण्याची असते.

गप्प न बसणाऱ्याला कायद्याने वाट ठेवली आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. एकूण मतदारांच्या, हे नीट ध्यानात ठेवा. नुसत्या झालेल्या मतदानाच्या नव्हे. जी माय त्या दिवशी रानात गेली, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच कामी येते. म्हणून त्या दिवशी सुनेला, लेकीला रानातली कामे सांगू नका. तिच्यासोबत केंद्रापर्यंत चाला. तीही वारीच आहे.

तेव्हा या आषाढीला पायी निघण्याआधी तीन कामे करू. गावच्या मंदिराची नोंद आहे का ते पाहू, नसेल तर करून घेऊ. ग्रामसभेला भजनाइतकेच नेमाने जाऊ आणि ना-हरकतीचा विषय निघाला की उभे राहून हरकत घेऊ. आणि सप्त्याच्या पंगतीत दारूचा पैसा घेणार नाही, असा ठराव मंडळात करू. पिठलं-भाकरीची पंगत झाली तरी चालेल, ती गोड लागेल.

माळ घातली त्या दिवशी आपण स्वतः न पिण्याचे वचन दिले. गावाला पाजू न देण्याचे वचन त्याच माळेत ओवलेले आहे.

राम कृष्ण हरी.