ऑक्सिजनचे चेंबर कशासाठी, कशासाठी नाही



मंडळीत कुणाला कॅन्सर झाला की प्रार्थना होते, वर्गणी जमते आणि पाठोपाठ सल्लेही येतात. हल्ली एक सल्ला मी फार ऐकतो: "हायपरबॅरिक ऑक्सिजन द्या, ऑक्सिजनपुढे कॅन्सर टिकत नाही." आमच्या ओळखीतल्या एका घरी तर यापायी चालू लाईट मध्येच बंद करायची भाषा सुरू झाली, म्हणून हे पत्र.

हा उपचार थोतांड नाही. बंद चेंबरमध्ये दाब नेहमीच्या दोन-अडीच पट करून पेशंटला तास-दीड तास शुद्ध ऑक्सिजन देतात. रक्तात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि रक्तपुरवठा घटलेल्या जागीही पोचतो. आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कॅन्सर पुष्कळ. लाईट घेतल्यावर काहींच्या जबड्याचे हाड पुढे मरू लागते, काढलेल्या दाताची जखम भरत नाही. ओटीपोटाला लाईट घेतलेल्या काहींना लघवीतून रक्त जाते. अशा वेळी डॉक्टर हे चेंबर सुचवू शकतात. मूत्राशयाच्या या त्रासात फायदा झाल्याचे उत्तर युरोपातल्या चाचणीत २०१९ साली दिसले. आतड्याच्या त्रासात मात्र ब्रिटनच्या २०१६ च्या चाचणीत फायदा आढळला नाही.

म्हणजे हा उपचार लाईटने झालेल्या इजेवरचा आहे, कॅन्सरच्या गाठीवरचा नव्हे. यासाठी ऑटो वारबर्ग यांच्या नोबेलचा दाखला देतात. ते १९३१ चे नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरील कामासाठी होते. शिवाय त्यांनी दाखवले ते हे की, ऑक्सिजन मिळत असतानाही कॅन्सरच्या पेशी साखर आंबवतच राहतात! चेंबरने कॅन्सर बरा होतो हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही लोकांना बजावले आहे.

धोकेही आहेत. कानाला इजा होते. ब्लिओमायसिनसारखे औषध घेतलेल्यांच्या फुफ्फुसांची आधी तपासणी लागते. १९९७ साली मिलानच्या एका हॉस्पिटलात चेंबरला आग लागून ११ जण गेले.

तेव्हा वर्गणी देण्याआधी तीन गोष्टी विचारा. कॅन्सरच्या डॉक्टरांनी हे स्वतः लिहून दिले आहे का? नेमक्या कोणत्या त्रासासाठी? एका बैठकीचा नव्हे, तीस-चाळीस बैठकांचा मिळून खर्च किती?

तोंडाच्या कॅन्सरची लाईट आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. त्यात खंड पडला तर गाठ पुन्हा वाढायचा धोका वाढतो. गरीब पेशंटचा खंड पडतो तो बसभाडे नसते, राहायला जागा नसते, सोबतीला माणूस नसते म्हणून. माझे स्पष्ट मत आहे की मंडळीचा पैसा आणि वेळ आधी तिथे लागावा. आजाऱ्याच्या घरी जाताना नवा उपचार सांगू नये, "उद्या सोबत कोण जाणार?" एवढे विचारावे.

— एक वाचक, बेळगाव