श्वास आधी, कजा नंतर

दुपारी चार वाजता छातीत घरघर सुरू होते. पंप उशाशी असतो, पण हात पुढे होत नाही. ‘इफ्तारपर्यंत निघेल एवढा वेळ,’ असे म्हणत दम्याचा रोजदार भिंतीला टेकून बसतो. रमजानमध्ये अनेक घरांत दिसणारे हे चित्र धोक्याचे आहे.

पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांचे एकमत नाही. सौदी अरबचे शेख बिन बाज यांच्या मते तुटत नाही. आपल्याकडील बहुतेक हनफी उलेमा तुटतो असे मानतात. नेब्युलायझरमध्ये पातळ औषधाचे तुषार होतात, त्यामुळे त्याने रोजा तुटतो असे मानणारे अधिक. पण मतभेद रोज्यापुरता आहे, औषधापुरता नाही. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे : सुटलेला रोजा नंतर भरून काढावा. रोजा कायमचाच झेपत नसेल तर फिदया आहे. मग जीव टांगणीला कशासाठी?

दम्याची औषधे दोन प्रकारची. सालब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळ्या मोकळ्या करते. तिचा असर चार ते सहा तास. ब्युडेसोनाइडसारखे औषध आतली सूज रोखते आणि ते रोज घ्यावे लागते. दिवसातून दोनदा असेल, तर सहरी आणि इफ्तारला सहज बसते. घेतल्यावर चूळ मात्र भरावी. रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्याव्यात. बरे वाटते म्हणून औषध बंद करणे ही सर्वांत मोठी चूक.

पंपाची ‘सवय लागते’ हा समज सर्वच धर्मांच्या घरांत आहे, आणि तो खोटा आहे. सौम्य झटक्यात स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरइतकाच काम करतो. नेब्युलायझर असेल, तर त्याचा मास्क आणि कप वापरानंतर धुऊन वाळवावा.

भज्यांचा धूर, लोबान, अगरबत्ती यांनी दमा उफाळतो. घरात दमेकरी असेल तर खिडकी उघडी ठेवावी. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर पडले, पंपाने आराम पडेना, तर अजानची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्यानेही करावा.

रोजा पुन्हा ठेवता येतो. गेलेला श्वास परत आणता येत नाही.