सातत्याचा दंडक आणि लेखकाची दिलगिरी

मराठी कथासंग्रहांच्या आणि कवितासंग्रहांच्या मनोगतांत एक दिलगिरी वारंवार भेटते. मधली काही वर्षे लेखन होऊ शकले नाही, याबद्दल लेखक क्षमा मागतो. घरातले आजारपण, फिरतीची नोकरी, लहान मुले, डोक्यावरचे कर्ज ही कारणे सांगितली जातात. पण ती सबबी असल्यासारखी, खालमानेने. ही दिलगिरी नेमकी कोणापुढे? वाचकाने ती मागितलेली नसते. मधल्या काळात त्याला वाचायला इतर पुष्कळ पुस्तके होती. ती मागितली आहे समीक्षेने. आणि लेखकाने ती मागणी इतकी अंगी मुरवून घेतली आहे की समीक्षकाने तोंड उघडण्यापूर्वीच तो स्वतःवर आरोपपत्र ठेवून मोकळा होतो.

या आरोपपत्राचे मुख्य कलम म्हणजे ‘सातत्य’. परिचयलेखांत, गौरवपत्रांत, अध्यक्षीय भाषणांत हा शब्द गुणवाचक म्हणून इतक्या सहजपणे येतो की त्याची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही. तपासणी केली तर त्यामागे वाङ्मयीन निकष सापडत नाही. सापडते ते नियतकालिकांचे पंचांग. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथा इतकी रुजली की मराठी लेखनाला एक वार्षिक सुगीच लाभली. दरसाल दिवाळीपूर्वी संपादकाला कथा हवी असते, ही त्याची रास्त गरज आहे. परंतु समीक्षेने ती गरज उचलून तिचे मूल्य केले, हा खरा घोटाळा. नियमित पुरवठा हा दूधकेंद्राचा गुण आहे. कादंबरीच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध काय, हे सातत्याच्या पुरस्कर्त्यांनी एकदा सांगावे.

शिवाय हा दंडक सर्वांना सारखा लागू होत नाही. एकाच घरातील दोन लेखकांचे उदाहरण पुरेसे आहे. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली आली आणि ती त्यांची एकमेव कादंबरी ठरली. पुढे ते चित्रपटात आणि नाटकात रमले. कादंबरीकाराच्या या न लिहिण्याभोवती कालांतराने एक वलय तयार झाले. मालतीबाई बेडेकरांनी, म्हणजेच विभावरी शिरूरकरांनी, ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ साली खळबळ उडवली, १९३५ मध्ये ‘विरलेले स्वप्न’ आली आणि त्यानंतरच्या ‘बळी’ या कादंबरीसाठी १९५० साल उजाडावे लागले. या पंधरा वर्षांना वलय लाभले नाही. पुरुषाचे थांबणे ‘मौन’ असते, त्याला चिंतनाचा वास येतो. स्त्रीचे थांबणे म्हणजे ‘संसारात अडकली’. शब्दयोजनेतला हा भेद निष्पाप नाही.

आता ही पंधरा वर्षे जवळून पाहावीत. इतर लेखन पूर्णपणे थांबले होते असे नव्हे. पण त्या काळातली काही वर्षे मालतीबाई सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये नोकरी करीत होत्या. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवणारी ही वसाहत. हजेरी, शिक्षा, पळून जाण्याचे प्रयत्न, सुधारणेच्या नावाखालची मानहानी हे सारे त्यांनी अधिकाऱ्याच्या खुर्चीवरून, म्हणजे अत्यंत अडचणीच्या जागेवरून पाहिले. ‘बळी’ आली ती तेथून. ‘कळ्यांचे निःश्वास’मधील मध्यमवर्गीय सुशिक्षित तरुणीची घुसमट आणि ‘बळी’मधील कुंपणाआडचे जग यांमधले अंतर केवळ कल्पनेने कापता आले नसते. तरीही वाङ्मयेतिहासाच्या कोष्टकात हा काळ दोन सनांमधली एक आडवी रेघ एवढाच उरतो. ती रेघ वाचणे हे समीक्षेचे काम होते.

यावर अपेक्षित आक्षेप असा की लेखकाने स्वतःशी ममतेने वागावे असे म्हणणे म्हणजे आळसाला परवाना देणे होय. या आक्षेपात ममता आणि लाड यांची गल्लत आहे. लाड कारण विचारीत नाहीत. ममतेला कारण नीट जाणून घ्यावे लागते. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसल्यामुळे न लिहिणे वेगळे, लेखनाच्या भीतीने टेबल आवरीत बसणे वेगळे. ज्याने दोहोंना ‘आपला नाकर्तेपणा’ असे एकच नाव दिले, त्याने स्वतःला शिक्षा केली खरी. पण स्वतःविषयी खोटे विधानही केले. अमेरिकन लेखिका टिली ओल्सन यांनी १९७८ च्या ‘सायलेन्सेस’ या ग्रंथात बीज मुरण्यासाठी लागणारी शांतता आणि परिस्थितीने लादलेले मूकपण यांत फरक केला. त्यांनी स्वतः १९३२ मध्ये सुरू केलेली ‘योनॉन्डिओ’ ही कादंबरी नोकरी आणि चार मुलींचे संगोपन यांत बाजूला पडली आणि १९७४ साली अपूर्णावस्थेतच प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य संज्ञांची आयात करताना एरवी जकातही न पाहणाऱ्या मराठी समीक्षेने हा साधा फरक फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

मात्र ‘बळी’च्या उदाहरणाचा एक गैरवापर संभवतो आणि तो आजकाल लोकप्रियही होऊ लागला आहे. खंड म्हणजे गुंतवणूक. आयुष्याने आज जे हिरावले ते उद्या अनुभवसमृद्धीच्या रूपाने व्याजासह परत मिळेल, असा तो दिलासा. वरकरणी दयाळू वाटणारा हा युक्तिवाद सातत्याच्या दंडकाचाच धाकटा भाऊ आहे. तोही हिशेब मागतोच, फक्त मुदत वाढवून देतो. मालतीबाईंना सोलापूर फळले. पण अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आईची सहा वर्षे सेवा करणाऱ्या एखाद्या कवीला त्या सहा वर्षांतून एकही कविता मिळणार नाही. त्याच्या हाती उरेल ती औषधांच्या वेळा लिहिलेली वही. त्या कवीचे पुढचे पुस्तक पातळ असेल, कदाचित पूर्वीपेक्षा कच्चेही असेल. समीक्षकाने ते कच्चे आहे असे जरूर म्हणावे; पण त्या सहा वर्षांचा जाब मागू नये. आणि कवीनेही मनोगतातला क्षमायाचनेचा परिच्छेद छापखान्यात जाण्यापूर्वी काढून टाकावा.